घरत बाईंचं खाजण

घरत बाईंनी माझ्यादेखत पहिल्यांदा एका माणसाच्या कानाखाली आवाज काढला, तेव्हा आमची ओळख होऊन अर्धा तासही झाला नसेल.

मी नुकतीच नवीन पनवेलला राहायला आले होते. खारघरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि रविवारी सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून पाणी दिसेल तिकडे चालत सुटायचे. कुणीतरी सांगितलं, उरणच्या रस्त्याला एका गावामागे मोठं खाजण आहे. मिठागरं बंद पडली, बांध फुटले आणि भरतीचं पाणी आत येऊन तळं झालं. थंडीत तिथे पक्ष्यांना तोटा नसतो. मी बांधावर पोचले तर तिथे एक उंचनिंच, रुंद खांद्यांची बाई आधीच उभी होती. अंगात सलवार-कमीज, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी, पुढ्यात तिकाटण्यावर स्कोप. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सावली पाण्यावर पाडू नका. खाली बसा."

मी बसले. बाईंनी स्कोप माझ्याकडे वळवला आणि समोरच्या चिखलात चोची खुपसणारे तुतवार दाखवले. एवढ्यात पलीकडच्या बांधावर एक पांढरी गाडी येऊन थांबली. दोन तरुण उतरले. एकाच्या हातात छर्‍याची बंदूक होती. फट्ट आवाज झाला आणि काठावरचा एक बगळा पंख फडफडवत पाण्यात आडवा झाला. दोघंही हसले.

बाईंनी स्कोपच्या भिंगावर झाकण लावलं, माझ्याकडे बघून "धरा हे" म्हणाल्या आणि बांधावरून चालत गेल्या. घाई नाही, आरडाओरडा नाही. मी मागोमाग गेले. त्या पोरापाशी पोचून त्यांनी फार कौतुकानं विचारलं, "बघू रे, कसली आहे?" पोरगा फुशारला. त्यानं बंदूक दिली. बाईंनी ती दोन्ही हातांनी नळीकडून धरली आणि उघाडीच्या, म्हणजे खाडीचं पाणी आतबाहेर सोडायच्या दाराच्या, दगडी खांबावर आपटली. दस्त्याचे दोन तुकडे झाले. मग उरलेली नळी खाडीत भिरकावली आणि त्याच हाताचा परतीचा फटका त्याच्या कानाखाली बसला. दुसर्‍यानं मागून येऊन त्यांचा अंबाडा धरला. काय झालं ते मला नीट दिसलंसुद्धा नाही. बाई खांद्यातून वळल्या आणि तो मुलगा बांधाखालच्या चिखलात पालथा पडला.

"आता उठ," बाई वरून म्हणाल्या, "आणि तो बगळा घेऊन वर ये. हळू धर. मान सांभाळ."

त्यानं आणला. बाईंनी तो ओढणीत गुंडाळला, रिक्षा केली आणि मला विचारलं, "येताय?" जनावरांच्या डॉक्टरकडे पोचायच्या आत बगळा मेला. बाईंनी रिक्षा वळवायला सांगितली. परतीच्या वाटेवर त्यांनी पहिल्यांदा माझं नाव विचारलं.

त्या पुढे मला मेधा म्हणू लागल्या, मग नुसतं "गो". मी मात्र शेवटपर्यंत बाईच म्हणत राहिले, कारण अख्खा गाव त्यांना बाई म्हणत असे. तालुक्यातल्या एका शाळेत त्या खेळ शिकवायच्या. ज्यांना त्यांनी मैदानाला फेर्‍या मारायला लावल्या होत्या, ती पोरं आता बापये होऊन कंटेनर चालवत होती, दुकानं टाकून बसली होती, आणि बाई समोरून आल्या की अजूनही हातातली सिगरेट मागे लपवत होती. शाळेत बाई पुस्तकी, स्वच्छ मराठी बोलत. चिडल्या किंवा मायेत आल्या की गावची बोली बाहेर यायची. म्हणजे त्यांनी "आहे"चं "हाय" केलं की समोरच्यानं सावध व्हायचं, कारण पुढे मार असेल किंवा जेवण.

पक्षी बघणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. बहुतेकांकडे यादी असायची, कॅमेरा असायचा, आणि एक हळवा सूर असायचा. बाईंकडे यातलं काही नव्हतं. त्या कधी मोजायच्या नाहीत, फोटो काढायच्या नाहीत. रोहित पक्षी उतरले की मुंबईहून गाड्या भरभरून माणसं यायची. बाई रोहितांकडे पाठ करून बसायच्या. "लग्नातल्या पाव्हण्यांसारखे उभे र्‍हातात नुसते," म्हणायच्या. एकदा टिटवीचं पिल्लू बघून माझ्या तोंडून गेलं, "किती गोड!" बाई म्हणाल्या, "गोड काय? जिलबी हाय ती?"

त्यांना आवडायचे ते मारणारे पक्षी. बांधावरच्या बाभळीवर एक खाटीक असायचा. चिमणीपेक्षा थोडा मोठा, डोळ्यांवर काळी पट्टी, चोचीला आकडा. उंदराची पिल्लं, सरडे, नाकतोडे पकडून तो बाभळीच्या काट्यावर टोचून ठेवायचा आणि मग सावकाश लचके तोडायचा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा काट्यावरचं पिल्लू अजून पाय हलवत होतं. मी दुर्बीण खाली केली. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. नुसतं म्हणाल्या, "मेलं की बघशील का? मग त्यात बघायसारखं काय उरतंय?"

एकदा त्या आठवीच्या मुलींना घेऊन त्या बाभळीखाली आल्या. खाटकानं नेमकी त्या दिवशी एक पाल टोचली. एक मुलगी ओकली, दुसरी रडत घरी गेली आणि दुसर्‍या दिवशी पालक शाळेत. मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाई, मुलींना हे कशाला दाखवायचं?" बाई म्हणाल्या, "मुलींनाच दाखवायचं. मुलांना कशाला?" एवढंच. यापुढे त्यांनी काही समजावलं नाही आणि मुख्याध्यापकांचं विचारायचं धाडस झालं नाही.

त्याचा थोडा उलगडा मला फार पुढे झाला. बांधावर बसून आम्ही भाकरी आणि सुक्या सोड्यांची चटणी खात होतो. मी सहज विचारलं, "बाई, हे पक्ष्यांचं वेड लागलं कसं?"

"नवरा मारायचा," त्या घास चावत म्हणाल्या.

मी थांबले. त्या थांबल्या नाहीत.

"रातचा प्यायचा. सकाळी उठला की डोकं चढलेलं असायचं, तवा जास्त मारायचा. मग मी त्याच्या उठायच्या आधी घरातून निघायची. शाळेला येळ असायचा. कुठं जानार? हितं येऊन बसायची. बसून बसून दिसायला लागलं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "खाटीक दिसला. एवढासा जीव. आनि कोनाला भीत नाय. त्याच्यापेक्षा मोठा कावळा आला तरी अंगावर जातंय. मी म्हटलं, घरत बाई, तू जिल्ह्यात थाळीफेकीत पयली आलेली, आनि तू मार खातंस?"

"मग?"

"मग एक दिवस लवकर नाय निघाली. घरीच थांबली. त्यानं हात उगारला तो मी धरला आनि पिळला. मनगट मोडलं त्याचं. आवाज आला." बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "प्लास्टर होतं तवर मीच भरवलं त्याला. परत कदी हात नाय उचलला. गेला बिचारा काविळीनं."

त्या "बिचारा"मध्ये टोमणा नव्हता. हे मला तेव्हा फार विचित्र वाटलं होतं.

निवृत्त झाल्यावर बाई परदेशात पक्षी बघायला जायला लागल्या. सरकारनं घेतलेल्या जमिनीचे पैसे आले होते, मूल नव्हतं, खर्चायचे कुठे? पहिल्यांदा केनियाला गेल्या. सगळ्या गाड्या सिंहाभोवती गोळा झाल्या तेव्हा त्यांनी आपल्या ड्रायव्हरला उलट्या दिशेला वळवलं, कारण तिकडे गवतात एक लांब पायांचा गरुड सापाला लाथांनी तुडवून मारत होता. गाडीतले बाकीचे त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. आल्यावर त्यांनी मला ती लाथ बांधावर करून दाखवली होती.

पुढच्या वेळी जॉर्जियाला जायचं ठरलं तेव्हा मीही बरोबर गेले. विमानतळावर त्यांना सोडायला दोन गाड्या भरून माणसं आली होती. त्यांचा धाकटा भाऊ बळीराम, त्याची बायको, मुलगा कुणाल, सून, शेजारी. आईबाप लवकर गेल्यामुळे बळीरामाला बाईंनीच वाढवलं होतं, आणि कुणालही त्यांच्याच मांडीवर मोठा झालेला. बळीराम गावातला बडा माणूस. डंपर, पोकलेन, न्हावा शेव्याला चालणारे ट्रेलर. पण विमानतळावर बहिणीच्या गळ्यात हार घालताना त्याचे डोळे भरले. "बाय, थंडी असंल तितं. कानटोपी काढू नको," असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. कुणालनं आत्याची बॅग स्वतः ढकलत आत नेली, पायाला हात लावला.

जॉर्जियात काळ्या समुद्राच्या काठाला डोंगर उभे आहेत, आणि शरद ऋतूत युरोपातले शिकारी पक्षी त्या चिंचोळ्या वाटेनं दक्षिणेला जातात. आकाशात घारी, ससाणे, गरुड यांची नदी वाहत असते. आम्ही एका टेकडीवर बसायचो आणि मान दुखेस्तोवर वर बघायचो. 

तिसर्‍या दिवशी खालच्या उतारावरून बंदुकांचे बार ऐकू आले. आमची वाटाड्या नीनो नावाची तरुण मुलगी होती. ती ओशाळून म्हणाली, "गावातले काही लोक मारतात. आता पुष्कळ कमी झालंय." तेवढ्यात आमच्या डोक्यावरून खाली उतरणारी एक मोहोळ घार हवेतच मोडली आणि गरगरत उतारावर पडली. एक आडदांड माणूस झुडपातून आला, त्यानं तिला एका पंखाला धरून उचललं. ती जिवंत होती. तो तिला झुलवत निघाला.

"बाई, नको," मी म्हटलं. पण बाईंनी स्कोपवर झाकण लावलं होतं.

त्या उतार उतरून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला. माणूस हसला. बाईंनी घार दोन्ही हातांनी धरली. घारीनं पंजा उघडला आणि बाईंच्या डाव्या तळहातात नख्या आरपार रुतवल्या. माणसानं ओढलं. बाईंनी सोडलं नाही. त्यानं बंदुकीचा दस्ता त्यांच्या खांद्यावर हाणला, एकदा, मग पुन्हा. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं. नीनो ओरडत मधे पडली तेव्हा त्यानं हात सोडला.

बाई खाली बसल्या. घारीचा पंख उलगडून बघितला. हाड चुरा होऊन बाहेर आलं होतं. त्यांनी नख्या एकेक करून तळहातातून सोडवल्या, घारीचं डोकं आपल्या मांडीवर टेकवलं आणि मान पिळली. आमच्या गटातली एक बाई किंचाळली. घरत बाईंनी मेलेला पक्षी उचलून त्या माणसाच्या पुढ्यात ठेवला आणि मराठीत विचारलं, "खानार हाय का?"

नीनोला कुणी न सांगताच, कसं कोण जाणे, ते कळलं आणि तिनं त्याच्या भाषेत विचारलं. तो काहीतरी पुटपुटला. "म्हणतो, खाणार. त्याची आई सूप करते."

"मग ठीक हाय. ने. पन पायाला धर, पंखाला नको."

त्या दिवशी दुपारी बाईंच्या डाव्या हाताला पट्टी बांधून आम्ही एका शेतकर्‍याच्या घरी जेवायला गेलो. अंगणात एका काठीच्या टोकाला दोरीनं बांधलेला खाटीक होता. त्याच्या डोळ्यांवर कातड्याच्या इवल्याशा टोप्या बसवलेल्या. नीनोनं सांगितलं, हे आमिष. याला फडफडायला लावतात, त्याला बघून छोटा बाज खाली येतो आणि जाळ्यात सापडतो. मग त्या बाजाला लावे पकडायला शिकवतात. बापजाद्यांपासून चालत आलेलं.

बाई त्या काठीसमोर जेवण गार होईपर्यंत उभ्या होत्या. मला वाटलं आता या घरातून आम्हाला हाकलून देणार. पण बाई आत आल्या, घरधन्यासमोर बसल्या, टेबलावरची ताटं बाजूला सारली आणि कोपर टेकवून उजवा पंजा उभा केला. "सांग त्याला," माझ्याकरवी नीनोला म्हणाल्या, "मी जिंकली तर पक्षी सोडायचा. हारली तर मी गप जेवते."

घरधनी साठीचा, लाकूड तोडून तोडून मनगटं जाड झालेला. त्याला हे फार आवडलं. शेजारीपाजारी गोळा झाले. बराच वेळ दोन्ही पंजे हलेनात. बाईंच्या मार खाल्लेल्या खांद्यातून कळ येत होती, त्यांचा चेहरा काळवंडला, खालचा ओठ दाताखाली फाटला. आणि मग घरधन्याचा हात टेबलावर टेकला. माणसं ओरडली. घरधनी उठला, बाहेर जाऊन काठी घेऊन आला आणि बाईंच्या हाती दिली. बाईंनी टोप्या काढल्या. डोळे उघडताच खाटकानं त्यांच्या अंगठ्याचा लचका तोडला. बाई मोठ्यानं हसल्या. त्यांनी दोरी कापली आणि तो कुंपणापलीकडे गेला.

परत आल्यावर वर्ष-दीड वर्ष बरं गेलं. मग खाजणात भराव पडायला लागला.

पहिल्यांदा कडेला राडारोडा आला, पाडलेल्या इमारतींच्या विटा, फरशा, कमोडचे तुकडे. मग रोज डंपर यायला लागले. ट्रेलर उभे करायला मैदान हवं होतं. बाई तलाठ्याकडे गेल्या, वरच्या हापिसात गेल्या. डंपर कुणाचे हे विचारावं लागलं नाही. प्रत्येक गाडीच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत बळीरामाच्या आईचं नाव लिहिलेलं होतं. ती बाईंचीही आई.

त्या भावाच्या घरी गेल्या. मी नव्हते, पण बाईंनी सांगितलं. "मी म्हटलं, बळ्या, थांब. तो म्हनला, बाय, जागा आपली हाय, सरकारनं बाकीची सगली घेतली, ही तरी भरू दे. मी म्हटलं, माजा पन हिस्सा हाय. तो म्हनला, मग तुज्या हिश्श्यावर पक्षी ठेव." मग त्याच पुढे म्हणाल्या, "तो खोटं नाय बोलत. सगली घेतली हे खरं हाय."

मे महिना होता. उरलेल्या चिखलाच्या उंचवट्यावर शेकाट्यांनी अंडी घातली होती. शेकाट्या म्हणजे काळे पंख आणि गुलाबी, काडीसारखे लांब पाय. घरटं जमिनीवरच, चार काड्या मांडलेलं. आम्ही सकाळी पोचलो तर एक डंपर मागे मागे येत नेमका त्या उंचवट्याकडे सरकत होता. शेकाट्या डोक्यावर किंचाळत घिरट्या घालत होत्या. बाई धावल्या, शिट्टी वाजवली, हात हलवले. ड्रायव्हरला पोकलेनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. मागची ट्रॉली उचलायला लागली.

बाईंनी राड्यातली एक फरशी उचलली, थाळीसारखी तळहातात बसवली, अंगाभोवती एक गिरकी घेतली आणि फेकली. केबिनची काच फुटून फरशी आत गेली.

डंपर थांबला. दार उघडलं आणि ड्रायव्हर खाली पडला. त्याच्या भुवईवरून कपाळ उघडलेलं, चेहरा रक्तानं भरलेला. तो विशीतला, बिहारकडचा, रामबली नावाचा मुलगा होता. बाई जागच्या जागी थिजल्या.  त्या धावत त्याच्यापाशी गेल्या, ओढणी त्याच्या डोक्याला गच्च आवळली. "आंखें खोल, बेटा. दिखता है? मैं कितनी हूँ?"

"एक हो, मौसी," तो कण्हत म्हणाला.

तेवढ्यात कुणालची गाडी आली. बरोबर चारपाच माणसं. कुणालनं काच बघितली, ड्रायव्हर बघितला, आणि आत्या. "आत्या, सरक. याला दवाखान्यात नेतो, तू घरी जा. गाडी खाली होऊ दे."

"पोराला घेऊन जा. गाडी खाली नाय होनार."

"आत्या, लोक बघतात."

"बघू दे."

त्यानं त्यांच्या दंडाला धरलं. बाईंनी वळून त्याला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली, त्या पांढर्‍या गाडीतल्या पोराला मारली होती त्याहून जोरात. कुणालचा चेहरा लहान मुलासारखा झाला. आणि मग त्यानं गाडीतून लोखंडी पाना काढला.

पहिला घाव गुडघ्यावर बसला. बाई कोसळल्या. मी फोन काढला तर एकानं तो हिसकावून पाण्यात फेकला आणि माझे हात मागे धरले. दुसरा घाव तोंडावर. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी कुणालच्या पायाला मिठी मारून त्याला खाली पाडलं आणि ती दोघं, आत्या आणि भाचा, विटांच्या चुर्‍यात एकमेकांवर लोळत होती. त्यानं पुन्हा मारलं. मग त्याला बाईंचा उजवा डोळा दिसला असावा. त्यानं पाना टाकला आणि "आत्या, आत्या" करत तो मागे सरकला. रामबली डोकं धरून त्याच्याकडे बघत होता. वर शेकाट्या अजून ओरडत होत्या.

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले. बाईंचं अर्धं डोकं पट्टीत होतं, बोलणं जड. हवालदारानं लिहायला सुरुवात केली तशा त्या म्हणाल्या, "आधी माझं लिहा. मी ड्रायव्हरला फरशी मारली. त्याची काही चूक नव्हती."

हवालदार म्हणाला, "बाई, ते कशाला? तुमच्याच अंगावर येईल."

"येऊ द्या. ते लिहिल्याशिवाय दुसरं सांगणार नाही."

बळीराम दारात उभा होता. पोलीस गेल्यावर आत आला. "बाय, तक्रार मागं घे. पोरगा हाय आपला."

"मना ठावं हाय कोनाचा हाय. मी न्हाऊ घातलाय त्याला."

"मग?"

"मग काय? आता मोठा झालाय."

बळीराम तसाच उलट पावली गेला. त्यानंतर त्या घरातलं कुणी त्यांच्याशी बोललं नाही.

भरावाला वरून स्थगिती आली. अर्धं खाजण गेलं होतं, अर्धं राहिलं. शेकाट्यांची ती अंडी मात्र धावपळीत कुणाच्या तरी पायाखाली गेली. बाईंचा उजवा डोळा गेला, गुडघा वाकेनासा झाला. बरं वाटल्यावर पहिल्यांदा बाहेर पडल्या त्या कळंबोलीला, रामबलीच्या खोलीवर, डब्यात कोलंबीचं कालवण घेऊन. त्याच्या कपाळावर टाक्यांची रेघ होती. त्यानं बाईंवरची तक्रार मिटवून घेतली. बाई माफी मागत होत्या आणि त्याला त्याचं हसू येत होतं. "मौसी, आप कबड्डी खेलती थीं क्या?" "थाळी फेकती थी," बाई म्हणाल्या आणि रडल्या.

स्कोपला त्या डावा डोळा लावायला शिकल्या. मला वाईट वाटतंय हे ओळखून म्हणाल्या, "दोन डोळे कशाला गो? भोक एकच हाय त्याला." पण पुढे त्यांनी कुणावर हात टाकलेला मी ऐकला नाही. जाळी लावणारा कुणी दिसला तर त्या काठी टेकत जाऊन त्याच्याशेजारी बसून राहायच्या. काही बोलायच्या नाहीत. तो कंटाळून जाळं गुंडाळायचा.

त्या गेल्या तेव्हा मी पनवेलमध्ये नव्हते. झोपेतच गेल्या असं फोनवर कळलं. खटल्याचा निकाल त्यानंतर लागला, कुणालला शिक्षा झाली, वर अपील झालं. त्याचं पुढे काय झालं याची मी चौकशी केली नाही. माझ्या डोळ्यांसमोर राहिल्या त्या त्यांच्या साक्षीच्या दिवशीच्या बाई.

एप्रिलची टळटळीत दुपार. कोर्टात त्यांना विचारलं, कोणी मारलं. त्यांनी जामिनावर सुटलेल्या कुणालकडे बोट केलं. "यानं. त्याच्याआधी मी त्याला मारली होती, तेही लिहा." कुणालच्या वकिलानं विचारलं, तुमचा भाच्यावर जुना राग होता का? बाई म्हणाल्या, "राग? माझा जीव आहे त्याच्यावर." आणि हे म्हणताना बोट तसंच त्याच्याकडे रोखलेलं होतं.

बाहेर पायर्‍यांवर बळीराम वाट बघत होता. इतक्या दिवसांत खंगला होता. तो तीरासारखा आला आणि सगळ्यांच्या देखत त्यानं बहिणीवर हात उगारला. बाईंची काठी माझ्या हातात होती, त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. त्यांनी ते उचलले नाहीत. ती चपराक त्यांच्या आंधळ्या बाजूच्या गालावर बसली. माणसं थांबली, एक वकील "अरे अरे" म्हणाला.

बाईंनी जिभेनं ओठाची कड चाचपली. "झालं?" त्या म्हणाल्या. "आता घरी जा. उन्हात उभा राहू नको, बीपी हाय तुला."

बळीराम मटकन पायरीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागला. मला वाटलं, बाई त्याच्याशेजारी बसतील, निदान पाठीवर हात ठेवतील. त्यांनी तसं काही केलं नाही. माझ्याकडून काठी घेतली, ताठ गुडघा ओढत दोन पायर्‍या खाली उतरल्या, सूर्य कुठे आहे ते मान वर करून बघितलं आणि त्याच्यावर आपली सावली पडेल अशा उभ्या राहिल्या. तो वर बघत नव्हता, त्याला ते कळलंही नसेल. कुणाल गाडी घेऊन येईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.